आमची बिअर कोण नासवतंय

लग्नानंतर महिनाभरातच माझ्या लक्षात आलं की आमच्या घरातल्या दुधाच्या पातेल्याला आतून ओरखडे आहेत. खिळ्याने काढलेले, अर्ध्या लिटरला एक आणि लिटरला एक. दूधवाल्याच्या मापावर आमच्या ह्यांचा विश्वास नव्हता. गॅसवाल्यावर नव्हता, धोब्यावर नव्हता, पंचांगवाल्यावरही नव्हता. मी नवी नवरी, वर्ध्याहून भिलाईला आलेली. मला वाटलं, माणूस काटेकोर आहे, चांगलं आहे. काटेकोर आणि संशयी यातला फरक कळायला मला बरीच वर्षं लागली.

शरच्चंद्र हिवरकर हे त्यांचं नाव. स्टील प्लांटच्या लॅबमध्ये त्यांनी पस्तीस वर्षं काढली. भट्टीतून निघालेल्या पोलादाचा नमुना घ्यायचा, त्यात काय किती आहे ते सांगायचं, हे काम. बाहेरून माल आला की त्याचे तीन नमुने काढत. एक आपला, एक देणाऱ्याचा आणि तिसरा लाख लावून सीलबंद. पुढे भांडण झालं तर तो तिसरा उघडायचा, त्याला रेफरी म्हणतात. हे लॅबमध्ये ठीक होतं. पण आमच्या मुलीला, ईराला स्थळ आलं तेव्हाही ह्यांनी मुलाची चौकशी तीन वेगवेगळ्या माणसांकडून केली आणि तिसऱ्याला आधीच्या दोघांबद्दल काही कळू दिलं नाही. जावई चांगला निघाला. तरी पहिली दोन वर्षं हे त्याच्याशी परीक्षकासारखेच बोलत होते.

निवृत्त झाल्यावर आम्ही मरोद्याला घर बांधलं. आता हे दिवसभर घरात, आणि संशय घ्यायला माणसं कमी. तेवढ्यात बिअर आली, नाहीतर माझं काही खरं नव्हतं.

ती आणली सुमंतरावांनी. सुमंतराव दुर्गचे, तीन पिढ्यांपासून तिथेच राहिलेलं मराठी घराणं, प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये इंजिनीअर होते. मुलाकडे बेंगळुरूला गेले, तिथे एका हॉटेलात जागच्या जागी बनवलेली बिअर प्याले आणि परत आले ते डोक्यात वारं शिरल्यागत. तिसरे ओमप्रकाशजी, जामुलच्या सिमेंट कारखान्यातले फोरमन, पाइप आणि वेल्डिंग या दोन गोष्टींत देवाचंही न ऐकणारे. तिघे दर रविवारी आमच्या मागच्या अंगणात बसायचे. सुमंतरावांनी जव, हॉप्सची कडू फुलं आणि यीस्टची पुडी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "हे तर मेटलर्जीपेक्षा सोपं आहे."

माझं मसालेभाताचं मोठं पातेलं त्याच दिवशी गेलं, ते मला परत मिळालं नाही.

परवाना नसताना घरी बिअर करणं कायद्यात बसत नाही हे तिघांनाही ठाऊक होतं, त्यामुळे शेजाऱ्यांना सांगायचं काय हा प्रश्न होता. जव उकळला की वास अख्ख्या गल्लीत जाई. आमच्या ह्यांनी सांगून टाकलं की मुतखडा झालाय, जवाचं पाणी प्यावं लागतं. पुढची दोन वर्षं कॉलनी आम्हाला मुतखड्याची औषधं आणून देत होती. कुणी दार वाजवलं की हे फटीतून बघायचे आणि मला कुजबुजत विचारायचे, "हा कावून आला? याले वास लागला का?" तो बिचारा कुळथाची डाळ घेऊन आलेला असे.

प्रत्येक खेपेला ते हीट म्हणत. प्लांटमध्ये भट्टीतून निघणाऱ्या पोलादाच्या एकेका खेपेला हीट म्हणतात आणि तिला नंबर असतो, तसंच इथे. पहिल्या सहा हीट वाईट झाल्या. एकीला साबणाची चव होती, एकीने बाटल्या फोडल्या. सातवी चांगली झाली. इतकी चांगली की मी, जिने आयुष्यात पन्ह्यापलीकडे काही चाखलं नव्हतं, दुसरा ग्लास मागितला. ह्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "आवडली म्हणून मागून राहिली, का माह्यं मन राखून राहिली?" असा हा माणूस!

पुढे छोट्या ब्रुअरीला रीतसर परवाना काढता येईल असं कळलं तेव्हा तिघांनी ते मनावर घेतलं. कागदपत्रांत दीड वर्ष गेलं. नेहरूनगरला एक बंद पडलेलं रेस्टॉरंट मिळालं. काचेमागे चार चकचकीत टाक्या, पुढे वीस टेबलं, दारावर पाटी 'सातवी हीट'. ओमप्रकाशजींनी पाइपांचं सगळं काम स्वतः उभं राहून केलं. मी स्वयंपाकघर बघायचं ठरलं. आणि टाक्या, गाळायची फडकी, फरशी, सगळं धुवायला विश्वासाचं माणूस हवं होतं. ते मी आणलं. दुर्गा.

दुर्गा जवळच्या उतई गावची. चाळिशी ओलांडलेली, उंच, कमी बोलणारी. अकरा वर्षं आमच्या घरी कामाला होती. आमच्या घरात अकरा वर्षं टिकणं म्हणजे काय हे मलाच माहीत. ह्यांनी तिची किती वेळा परीक्षा घेतली असेल! टेबलावर मुद्दाम नोट विसरायची, कपाट उघडं टाकायचं. दुर्गा नोट उचलून डब्याखाली ठेवायची आणि कपाट लावून घ्यायची, बस. पण बिअरच्या जागी बाईमाणसाने काम करायचं म्हटल्यावर तिच्या गावात कुजबूज झाली. सासू म्हणाली, दारूच्या फॅक्टरीत जाते, उद्या पिऊन येईल. दुर्गाने मला विचारलं, "दीदी, आप रहोगी ना वहाँ?" मी म्हणाले, रोज असेन. त्या शब्दावर ती आली.

भिंतीवर ह्यांनी कामाची यादी लावली, सतरा कलमं, प्रत्येकापुढे रोज खूण करायची. आणि यादीखाली एका खुंटीला त्यांची नळी. ती प्लांटच्या वर्कशॉपमधल्या एका जुन्या सहकाऱ्याकडून खास करून घेतलेली, हातभर लांब, स्टीलची, खाली वाटीसारखा भाग जोडलेला. टाकीला नमुन्यासाठी तोटी होती, पण हे म्हणत, तोटीतून येते ते तोटीजवळचं, मधलं खरं कोण सांगणार? म्हणून रोज सकाळी प्रत्येक टाकीचं वरचं झाकण उघडून ती नळी बुडवायची आणि मधला नमुना काढायचा. मग स्पिरिटच्या फडक्याने पुसून परत खुंटीला. तिला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. प्रत्येक हीटचे तीन नमुने निघत, तिसरा सीलबंद, लेबलावर सही. सुमंतराव हसायचे, "शरद, भांडण कोणाशी होणार आहे आपलं?" हे म्हणायचे, "होईनच ना कधीतरी."

सव्वा वर्ष सगळं छान चाललं. रविवारी टेबल मिळेना. मग तीजा आली, म्हणजे आपली हरतालिका.

छत्तीसगडात तीजेला बाई माहेरी जाते म्हणजे जातेच. भाऊ न्यायला येतो, उपासाच्या आदल्या रात्री कारल्याची भाजी आणि भात खायचा, मग नवं लुगडं. दुर्गा बालोदकडे आठ दिवस गेली. टाक्या मी आणि स्वयंपाकघरातल्या दोघींनी यादी बघून धुतल्या. एकशे बारावी हीट त्या आठवड्यात टाकीत होती. ती आंबली. ताकासारखी. सगळी गटारात गेली.

एखादी हीट बिघडते, असं सुमंतराव म्हणाले. आमच्या ह्यांना ते पटणं शक्यच नव्हतं. त्यांनी रोजच्या नोंदींची वही उघडली. दुर्गा बुधवारी गेली, हीट सोमवारी आंबली. जायच्या आदल्या दिवशी शेवटची टाक्यांच्या आतल्या खोलीत कोण होती? दुर्गा. मला म्हणाले, "वासंती, तिनं जाताना काही टाकलं तर नसन? दुसरीकडून कोणी फितवलं असन तिले." मी म्हणाले, अहो, काहीतरीच काय! पण तो शब्द कानात पडला तो पडला. दुर्गा परत आली, माहेरचा फराळ, ठेठरी-खुरमी घेऊन आली, आणि मी तो डबा उघडून आधी वास घेतला. का घेतला? कधी घेत नव्हते.

पंधरवड्यानंतरची गोष्ट. संध्याकाळी सहा-साडेसहाला हे आतल्या खोलीत गेले आणि दुर्गा टाकीजवळ उभी, हातात ती नळी, नळीतून पाणी गळतंय. ह्यांचा आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत आला. मी धावले. सुमंतराव, ओमप्रकाशजी, दोन वेटर आणि उतईचाच एक आचारी, सगळे दारात.

"काय करून राहिली होती? सांग!"

"धो रही थी साहब. इसमें बास आती है."

"यादीत आहे का हे? दाखव मले. कोणत्या नंबरवर आहे?"

यादीत नव्हतं. दुर्गाने यादीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी काही बोलले नाही. त्याबद्दल मला पुढे बोलावंच लागणार आहे, पण त्या वेळी मी बोलले नाही एवढं खरं. तिने नळी खुंटीला लावली, पदराला हात पुसले आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या आचाऱ्याच्या तोंडून उतईत पोचलं होतं की दुर्गाने दारूच्या टाकीत काहीतरी मिसळलं आणि रंगेहाथ पकडली गेली.

ह्यांनी नळी कपाटात ठेवून कुलूप लावलं, सकाळच्या नमुन्यापुरती ती स्वतःच काढायची असं ठरवलं आणि म्हणाले, आता बघ, एकही हीट बिघडणार नाही.

पुढच्या तिन्ही हीट आंबल्या.

आता काय म्हणायचं? दुर्गा तर नव्हती. मग संशयाने आपल्याच माणसांकडे मोर्चा वळवला. ओमप्रकाशजींनी माल बदलला का? पोत्यांचे नमुने काढले गेले. सुमंतराव रायपूरच्या एका हॉटेलवाल्याशी फोनवर हळू आवाजात का बोलतात? तो त्यांच्या मेहुण्याचा फोन होता, हे नंतर कळलं. कॅमेरे लागले. आतल्या खोलीला तीन कुलुपं, प्रत्येकाकडे एक किल्ली, तिघे हजर असल्याशिवाय दार उघडायचं नाही. बारा वर्षांचे मित्र दारासमोर एकमेकांकडे न बघता उभे राहायचे. रविवारचं बसणं बंद झालं. आणि मी? घरी नवी बाई लावली होती, तिने भांडी घासल्यावर मी चमचे मोजू लागले. चाळीस वर्षं ज्या सवयीला मी नावं ठेवली तीच मला लागली, आणि लाज वाटायची सोडून बरं वाटायचं, की सगळे आहेत जागेवर.

त्यात ह्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं. डॉक्टरांनी पंधरा दिवस धूळ, वाफ, वाकणं सगळं बंद केलं. खोलीची किल्ली अगदी जिवावर आल्यासारखी सुमंतरावांना दिली, कपाटाची मात्र दिली नाही. त्या काळात एक हीट पूर्ण झाली. एकशे सोळावी. उत्तम झाली.

ओमप्रकाशजी घरी आले, चहा घेतला, कप खाली ठेवला आणि मला म्हणाले, "भाभीजी, बुरा मत मानना. शरद बाबू नहीं थे तो माल ठीक उतरा. हमको तो लगता है गड़बड़ वही कर रहे हैं."

हे आतल्या खोलीत काळा चष्मा लावून पडले होते. दार उघडं होतं. मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. ते उठून बाहेर आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बरोबर आहे. माह्याही नमुना घ्या ना मग."

या एका गोष्टीसाठी मी या माणसाला मानते. संशय स्वतःवर आला तेव्हा त्याने तोच नियम लावला. पुढच्या हीटचे दोन नमुने काढायला सांगितले, एक तोटीतून, एक कपाटातल्या नळीने. बाटल्यांवर फक्त आकडे लिहिले. कोणती कशातली हे वेगळ्या कागदावर, तो कागद पाकिटात, पाकीट लाख लावून बंद. सहा दिवसांनी मी दोन्ही चाखल्या. एक बिअर होती. दुसरी तोंडात धरवेना. पाकीट फोडलं. आंबट होती ती नळीची.

ओमप्रकाशजींनी नळी चिरली. खालची वाटी जिथे जोडली होती तिथे आतून वेल्डिंगचा खडबडीत कंगोरा होता आणि त्याला पांढरट बुळबुळीत थर धरलेला. बाहेरून स्पिरिटने पुसून त्याला काय होणार? रोज सकाळी माझा नवरा तोच थर चारही टाक्यांत बुडवत होता, डोळ्यांत तेल घालून, कोणी बिअर नासवू नये म्हणून.

ह्यांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन तो कंगोरा बोटाने चाचपला. मग म्हणाले, "सोळाशे डिग्रीत जंतू कुठचा राहते, वासंती? पस्तीस वर्षांत मले कधी जंतूचा विचारच करा लागला नाही. टाकी धुवायची हे पुस्तकात होतं. नळी तर माह्यी होती."

सुमंतरावांनी विचारायचं ते विचारलं. "पण मग सव्वा वर्ष कशी काय नीट होत होती?"

ह्यांनी वही ओढली. तीजेचा आठवडा, एकशे बारा. दुर्गा गेल्यानंतर एकशे तेरा, चौदा, पंधरा. बोट एका नोंदीवरून दुसऱ्या नोंदीवर गेलं आणि थांबलं. दुर्गा होती तेव्हा एकही नाही. "ती म्हणाली होती, वास येते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं उतईला गेलो. दुर्गाच्या दारापुढे सात-आठ बायका तांदूळ निवडत बसल्या होत्या, सासू खाटेवर. दुर्गा त्या दिवसापासून घरीच होती. नवरा जामुलला ठेक्यावर, त्यालाही कोणी कोणी टोमणे मारत होते. सासूने आम्हाला पाणीसुद्धा विचारलं नाही. मला वाटलं, हे दुर्गाला आत बोलावून हळूच सांगतील. त्यांनी चष्मा काढला, हात जोडले आणि अंगणात उभं राहून मोठ्याने, आपल्या मोडक्या हिंदीत सांगितलं की दुर्गाने काही केलं नाही. खराबी माझ्या नळीत होती. ती नळी दुर्गा साफ करायची म्हणून आमचं काम चालत होतं. मी तिला चोर म्हणालो, चोर मी होतो. ज्याने ज्याने उलटं ऐकलं असेल त्याने हे पण ऐकावं.

बायकांचे हात थांबले. दुर्गा उंबऱ्यात उभी होती. तिने सांगितलं, फडकी उकळायची ते यादीत होतं, नववा नंबर. त्याच पातेल्यात ती रोज नळीपण टाकायची, कारण तिला आंबूस वास यायचा. उकळली की वास जायचा. एवढंच. तिला त्यात विशेष काही वाटलं नव्हतं.

"बोलली कावून नाही मग त्या दिवशी पूर्ण?" ह्यांनी कळवळून विचारलं.

"साहब, आपको तो मालूम नहीं था," दुर्गा म्हणाली. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "दीदी को मालूम था. दीदी ने देखा है."

सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या. हेसुद्धा.

खरं होतं. मी पाहिलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. संध्याकाळी मी आतल्या खोलीत मीठ नाहीतर टोपली आणायला जायची तेव्हा त्या उकळत्या पातेल्यातून नळीचं टोक वर आलेलं दिसायचं. त्या दिवशी दुर्गाने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला ते आठवलंही होतं. मी एक वाक्य बोलले असते तर ती गेली नसती. पण आधीच्या पंधरा दिवसांत माझ्याही मनात आलं होतं, खरंच काही टाकलं असेल तर? आणि तिला आणणारी मी. तिची बाजू घेतली असती तर ह्यांची नजर तिच्यावरून माझ्यावर आली असती. ती तिच्यावरच राहिली तर बरं, असं मला वाटलं. भीतीने नव्हे, सोयीने.

मी हे सगळं तिथे सांगितलं. ह्यांच्यासारखं मोठ्याने नाही जमलं.

दुर्गाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. सोमवारपासून ती कामावर यायला तयार झाली. ह्यांना म्हणाली, "साहब का तो सुभाव है. सब पे करते हैं." त्यांच्यासाठी तिने पाणी आणलं, सासूला खाटेवरून उठवून त्यांना बसायला दिलं.

आता पाच महिने झाले. बिअर चांगली होते, रविवारचं अंगण पुन्हा सुरू झालंय. दुर्गा ह्यांच्याशी पूर्वीपेक्षा जास्त बोलते, ओमप्रकाशजींच्या विनोदांना हसते. मी काम सांगितलं की करते. दीदी म्हणायचं तिने सोडून दिलंय, आता मला ती मॅडम म्हणते.